समुद्राचा सातबारा

वाशिमहून पुसदकडे जाताना अनसिंग लागते. सरळ रेषेत मोजले तरी येथून अरबी समुद्र साडेचारशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. आमच्या भागातले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून पैनगंगेला, तिथून वर्धेला, प्राणहितेला आणि अखेर गोदावरीला मिळून समुद्र गाठते खरे. पण माणसांपैकी फार थोड्यांनी तो प्रवास केलेला असतो. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही. पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट पाहिले, तेवढेच तिचे मोठे पाणी. अशा गावात वाढलेल्या माणसाने समुद्रतळावरील खनिजांविषयी, आणि त्यातही दूरच्या द्वीपराष्ट्रांनी त्या खनिजांसाठी आखलेल्या धोरणांविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे उपरे वाटेल. मी या विषयावरचे कागद वाचत बसलेला पाहून माझे थोरले बंधूही सरळच विचारतात, "तुले काय घेनं-देनं त्या समुद्राशी?"

या प्रश्नाचे एक उत्तर भूशास्त्रात आहे. आमच्या शेतातली काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली, तो दख्खनचा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून बनला. त्या काळी भारताचा भूखंड आजच्या जागी नव्हता. उत्तरेकडे सरकत असताना तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून गेला. भूखंड पुढे निघून आला, ते तप्त स्थान मात्र धुमसत राहिले. त्याच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या खालचे ज्वालामुखीय कणे तयार झाले, मग साया द माल्हा व नाझरेथ या बुडालेल्या उथळ पठारांचा पाया, मग मॉरिशस. आणि आज ते स्थान रियुनियन बेटाखाली जागे आहे. म्हणजे अनसिंगच्या बरडावरचा काळा दगड आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा काळा दगड हे एकाच चुलीवरचे. आम्ही थोरल्या घरचे आणि ते धाकट्या, एवढाच फरक.

दुसरे उत्तर भाषेतले आहे, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. समुद्रतळाबद्दलचे जागतिक करारमदार वाचताना मला वारंवार असे जाणवले, की त्यांत ज्या गोष्टींबद्दल वाद चालला आहे त्या साऱ्यांना आमच्या तलाठ्याच्या दप्तरात जुने, वापरून गुळगुळीत झालेले शब्द आहेत: मालक, वहिवाटदार, सामाईक, वारस, जामीन, पोटखराबा, इतर अधिकार. सातबारा हा शब्द आपण एक दाखला म्हणून उच्चारतो. वस्तुतः तो दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात सांगतो की जमिनीवर अधिकार कोणाचा; नमुना बारा सांगतो की त्या जमिनीत प्रत्यक्ष काय पिकते. मालकी आणि वापर यांची नोंद एकाच कागदावर वर-खाली असावी, ही कल्पना मला आजही विलक्षण शहाणपणाची वाटते. समुद्रतळाच्या बाबतीत मानवजात गेली साठ वर्षे हा एकच कागद तयार करण्याच्या खटपटीत आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

या खटपटीची सुरुवात एका बेटाने केली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या समितीपुढे एक दीर्घ भाषण केले. माल्टा स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. राष्ट्रांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ कोणाच्याही मालकीचा मानू नये, तो साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. खोल समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे धातुयुक्त गोटे पसरलेले आहेत हे 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीपासून माहीत होते. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. तंत्रज्ञान हाती आले की बलाढ्य राष्ट्रे हा तळ आपापसांत वाटून घेतील, ही पार्दोंची भीती होती. त्यातून पुढे १९८२ चा समुद्रविषयक कायद्याचा करार झाला, तो १६ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आला आणि जमैकाच्या किंग्स्टन शहरात आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे कार्यालय उघडले. त्याचे पहिले महासचिव झाले फिजीचे सत्या नंदन, म्हणजे पुन्हा एक बेटवासीच, आणि तेही भारतीय वंशाचे.

'वारसा' या शब्दापाशी मी बराच काळ रेंगाळलो आहे. आपल्या साहित्यिक भाषेत तो शब्द आता फार सोवळा झाला आहे. वारसा म्हणजे लेणी, अभंग, वाडे, परंपरा. गावात मात्र वारसा म्हणजे फेरफार. वडील गेले की तेराव्यानंतर तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, वारसांची नावे लावून घ्यायची, कोणाचे राहिले तर तक्रार करायची. त्या अर्थाने वारसा ही अभिमानाची बाब कमी आणि जबाबदारीची जास्त आहे, कारण वारसाला जमिनीबरोबर बोजाही मिळतो. सोसायटीचे कर्ज 'इतर अधिकार' या रकान्यात बसलेलेच असते. 'मानवजातीचा सामाईक वारसा' हे शब्द वाचताना सोवळा अर्थ बाजूला ठेवून तलाठ्याचा अर्थ घ्यावा, असे मला वाटते. तसे केले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. फेरफारात नावे कोणाची लागणार, आणि बोजा कोण फेडणार?

भारताने या वारशात आपले नाव लवकर लावून घेतले. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' या जहाजावरून अरबी समुद्राच्या तळाचा पहिला गोटा वर काढला. १९८७ मध्ये भारत हा आद्य गुंतवणूकदार म्हणून नोंदला गेलेला जगातला पहिला देश ठरला, आणि मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्याच्याकडे आले. करारानुसार टप्प्याटप्प्याने निम्मे परत करून आज ७५ हजार चौरस किलोमीटर उरले आहे. त्या तुकड्यावर सुमारे ३८ कोटी टन गोटे असावेत, असा सरकारी अंदाज आहे. आमच्या वाशिम जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर. म्हणजे पंधरा वाशिम जिल्हे मावतील एवढी ती जागा.

दोना पावल्याला एकदा गेलो असताना मी असा एक गोटा पाहिला. काळा, खरबरीत, जळक्या ढेकळासारखा. आमच्याकडे नांगराच्या फाळाला असे शेकडो दगड लागतात आणि आम्ही ते बांधावर फेकतो. फरक आहे तो वयाचा. असा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. चार ते सहा किलोमीटर खोलीवर, अंधारात, एखाद्या माशाच्या दाताभोवती किंवा शिंपल्याच्या कणाभोवती धातूंचे थर बसत जातात. आणि त्या गोट्यांच्या पृष्ठभागाला चिकटून जगणारे जीवही आहेत. गोटा उचलला की त्यांचे घर जाते. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी पेरूच्या समोरच्या महासागरात मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा नांगराचे तास जसेच्या तसे दिसत होते. आमच्याकडे नांगरलेले रान एका पावसाळ्यात बुजते. तेथे पाऊस नाही, गांडूळ नाही, आणि घाई तर मुळीच नाही.

आता द्वीपराष्ट्रांकडे वळू. ही राष्ट्रे जमिनीने दरिद्री आणि पाण्याने गडगंज आहेत. मॉरिशसची जमीन सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे वाशिम जिल्ह्याच्या निम्मीही नाही. पण त्याचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर मानले जाते. कुक बेटांची लोकसंख्या पंधरा-सतरा हजार, म्हणजे आमच्या भागातल्या एका मोठ्या बाजारगावाएवढी. समुद्र मात्र वीस लाख चौरस किलोमीटरांच्या घरात. एखाद्या घरी दोन माणसे आणि बारा गावांची पाटिलकी असावी, तसा हा प्रकार आहे. राखणार कोण, मोजणार कोण, आणि कागद वाचणार कोण?

नाउरूची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. अवघ्या २१ चौरस किलोमीटरांचे हे बेट. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तेथे फॉस्फेट खणले गेले. ते खत म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर पडले. १९६८ मध्ये बेट स्वतंत्र झाले, तेव्हा मधले पठार मोठ्या प्रमाणात उखडले गेले होते. १९८९ मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९९३ मध्ये तडजोड करून भरपाई मिळवली. पण स्वातंत्र्यानंतर स्वतः खणून मिळवलेला पैसाही फार टिकला नाही. बेटाच्या मध्यभागी आज चुनखडीचे उघडे सुळके उभे आहेत. तेथे पीक येत नाही. जमीन अशी संपल्यावर नाउरूने समुद्राकडे पाहिले. २०११ मध्ये त्याच्या पुरस्काराने एका कंपनीला प्रशांत महासागराच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात सुमारे ७५ हजार चौरस किलोमीटरांचा अन्वेषणाचा करार मिळाला. ही कंपनी मुळात एका परदेशी कंपनीची कन्या आहे.

'पुरस्कर्ते राष्ट्र' ही संज्ञा समजायला अवघड नाही. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडच्या तळावर कोणतीही कंपनी एकटी जाऊ शकत नाही. करारात सामील असलेल्या एखाद्या राष्ट्राने तिच्या पाठीशी नाव उभे करावे लागते. आमच्याकडे याला जामीन राहणे म्हणतात. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाची पुढे काय गत होते, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. नाउरूलाही ती शंका आलीच. कंपनीकडून काही नुकसान झाले तर आमच्यासारख्या छोट्या देशाने ते कसे सोसावे, असा प्रश्न त्याने २०१० मध्ये प्राधिकरणापुढे ठेवला. तो आंतरराष्ट्रीय समुद्र-कायदा न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाकडे गेला आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी उत्तर आले. ते उत्तर या साऱ्या विषयाचा कणा आहे. थोडक्यात सांगायचे तर असे: पुरस्कर्त्या राष्ट्राने योग्य ते कायदे केले असतील, त्यांच्या अंमलबजावणीची यंत्रणा उभी केली असेल आणि पुरेशी दक्षता घेतली असेल, तर कंपनीच्या चुकीचे ओझे त्याच्यावर पडत नाही. मात्र कंपनीशी केलेला नुसता करार त्यासाठी पुरत नाही. देशात कायदा हवा. आणि हा नियम श्रीमंत व गरीब दोन्ही राष्ट्रांना सारखाच. गरिबांना सूट दिली तर कंपन्या सोयीची नावे शोधत हिंडतील, हे न्यायाधिकरणाने ओळखले होते.

यानंतर प्रशांत महासागरात कायद्यांचे जणू पीक आले. कुक बेटांनी २००९ मध्येच समुद्रतळ खनिज कायदा करून ठेवला होता. पुढे युरोपीय संघाच्या मदतीने पंधरा देशांसाठी एक प्रादेशिक प्रकल्प चालला आणि फिजी, टोंगा, तुवालू, नाउरू, किरिबाती यांनी एकामागून एक कायदे केले. समान मसुद्यावरून झालेले हे कायदे वाचायला एकसारखे वाटतात. तपासनीस, प्रयोगशाळा, जहाज आणि खंबीर अधिकारी मात्र मसुद्यात येत नाहीत, ते देशाला उभे करावे लागतात. कुक बेटांचा मार्ग मला त्यातल्या त्यात विचारपूर्वक वाटतो. त्यांनी २०१७ मध्ये 'माराए मोआना' कायद्याने आपला सारा समुद्र संरक्षित उद्यान ठरवला, प्रत्येक बेटाभोवतीच्या ५० सागरी मैलांत समुद्रतळावरील खाणकामाला मनाई केली, आणि मग २०२२ मध्ये तीन कंपन्यांना केवळ अन्वेषणाचे परवाने दिले. आधी बांध घातला, मग वाट दिली. तरीही उद्यान आणि खाण एकाच समुद्रात कसे नांदणार, हा वाद तेथील लोकांत मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असेच मला वाटते.

पापुआ न्यू गिनीचा अनुभव याच्या उलट आहे. बिस्मार्क समुद्रातील 'सोलवारा-१' या जागेसाठी तेथील सरकारने जानेवारी २०११ मध्ये खाणपट्टा दिला. आणि केवळ परवाना देऊन न थांबता प्रकल्पात १५ टक्के भागीदारीही घेतली. न्यू आयर्लंड बेटाच्या किनाऱ्यावर शार्क माशांना हाका घालून बोलावण्याची जुनी परंपरा आहे. तेथील लोकांनी विरोध केला. खाण कधी सुरूच झाली नाही. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि देशाचे सुमारे १२ कोटी डॉलर बुडाले. ज्याने राखण करायची त्यानेच पिकात वाटा घेतला, की राखण कशी होते, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

येथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. वडिलांच्या पश्चात आमच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावे लागली. त्यात तीन एकर बरड आहे. वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तुरीचे पीक तेथे जेमतेम गुडघ्याएवढे येते. गेल्या वर्षी एका गिट्टी खदानवाल्याने तो तुकडा पाच वर्षांसाठी मागितला. रक्कम त्या जमिनीने वीस वर्षांत दिली नसती एवढी होती, आणि थोरल्या बंधूंना ती हवी होती; त्यांची मुलगी नागपूरला शिकते. सहहिस्सेदार म्हणून माझ्या संमतिपत्राची गरज होती.

बरडाला लागून ई-क्लास जमीन आहे. गायरानाला वऱ्हाडात आम्ही ई-क्लासच म्हणतो. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी कोण्या ठेकेदाराने तेथून मुरूम उचलला आणि खड्डा तसाच टाकून तो निघून गेला. पावसाळ्यात त्यात दोन पुरुष पाणी साचते. शेजाऱ्याची म्हैस त्यात बुडाली. गुराख्यांची पोरे पोहायला जातात म्हणून बायका ओरडत असतात. त्या मुरमाचे पैसे गावाला मिळाले का, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. तो खड्डा डोळ्यांसमोर ठेवून मी खदानवाल्याला चार गोष्टी लिहून मागितल्या. खोदकाम किती खोल जाईल. शेजाऱ्याच्या विहिरीपासून किती अंतर राखले जाईल. काम संपल्यावर खड्ड्याचे काय होईल. आणि तुम्ही मध्येच धंदा बंद केलात तर त्यासाठीचे पैसे कोठून येतील. पहिल्या दोन गोष्टी तो लिहून द्यायला तयार झाला. उरलेल्या दोन्हींना त्याने "हो हो, करून टाकू" म्हटले. स्टॅम्प पेपरवर मात्र नको म्हणाला. मी सही केलेली नाही. बंधू माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखे नाही. त्यांची गरज खोटी नव्हती आणि माझी भीतीही खोटी नव्हती.

हे सांगायचे कारण असे, की समुद्रतळाच्या धोरणांवरचे पुष्कळसे लिखाण दोन टोकांवरून होते. एका टोकाला कोबाल्ट आणि निकेल नसेल तर विजेवर चालणारी वाहने कशी होतील, असा धाक घातला जातो. दुसऱ्या टोकाला ज्यांच्या घरची चूल समुद्रावर पेटत नाही असे लोक बेटवासीयांना संयम शिकवतात. गरजवंताच्या जागी उभे राहिल्यावर धोरण म्हणजे त्या चार प्रश्नांची लेखी उत्तरे, एवढाच अर्थ उरतो. नकार देणे हे त्यातले एक उत्तर असू शकते. पलाऊ आणि फिजी यांनी २०२२ मध्ये लिस्बनच्या परिषदेत खोल समुद्रातील खाणकाम तूर्त थांबवावे अशी हाक दिली, सामोआ त्यांना मिळाला, आणि आज तीसहून अधिक देश त्या बाजूला आहेत. त्याच महासागरातल्या नाउरूने जून २०२१ मध्ये करारातील दोन वर्षांच्या मुदतीचे कलम वापरून खाणकामाची नियमावली लवकर पुरी करा, असा तगादा लावला होता. ती मुदत २०२३ मध्ये उलटली; नियमावली झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने, जी या कराराची सदस्यच नाही, आपल्या जुन्या देशी कायद्याखाली परवाने देण्याची वाट मोकळी केली, आणि नाउरूच्या पुरस्काराखालील त्या कंपनीचे मूळ घराणे लगोलग तेथे अर्ज घेऊन गेले. जामीनदार एका दारात उभा आणि कर्जदार दुसऱ्या दारातून आत, असे हे दृश्य आहे.

मॉरिशसचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, त्याचे कारण खडकाइतकेच माणसांचेही आहे. एकोणिसाव्या शतकात कोकण आणि साताऱ्याकडून गिरमिटिया म्हणून गेलेल्यांचे वंशज तेथे आहेत. शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. पुण्यात एका कार्यक्रमात तेथले एक मराठीचे अध्यापक भेटले होते. त्यांच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या उसाच्या मळ्यात राबूनही जमिनीचा तुकडा फार उशिरा मिळाला. ते हसून म्हणाले, आता सरकार सांगते की तुम्ही महासागराचे मालक आहात.

ती मालकी कशी आहे ते पाहा. मॉरिशस आणि सेशेल्स यांच्या मधोमध मॅस्करीन पठार आहे. दोन्ही देशांनी भांडण्याऐवजी मिळून दावा केला, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २०११ मध्ये तो मान्य केला, आणि मार्च २०१२ मध्ये त्यांनी सुमारे ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटर समुद्रबूड जमीन सामाईक ठेवण्याचा तह केला. वाटणी केली नाही. उत्पन्न निम्मे-निम्मे, कारभाराला मंत्र्यांची परिषद, संयुक्त आयोग आणि नेमलेले प्राधिकरण अशा तीन पायऱ्या. भावाभावांनी विहीर सामाईक ठेवावी आणि पाण्याच्या पाळ्या लिहून काढाव्यात, तसा हा तह आहे. पण त्यात एक मोठी मेख आहे. त्यांना मिळाला तो फक्त तळ. वरचे पाणी खुल्या समुद्राचे, म्हणजे सर्वांचे. तळाला चिकटून राहणारे जीव दोघा भावांचे, पोहणारे मासे कोणाही नौकेचे. आमच्याकडे जुन्या वाटण्यांत जमीन एकाच्या नावावर आणि बांधावरचा आंबा दुसऱ्याच्या, असे असते. मग आंबे उतरवताना तुडवलेल्या पिकाची भरपाई कोणी द्यायची यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. साया द माल्हा हे त्याच क्षेत्रातले उथळ पठार. तेथे समुद्री गवताची जगातली सर्वांत विस्तीर्ण कुरणे मानली जातात. त्या गवतावर तळाचा मालक काय बोलू शकतो आणि वरून जाळे ओढणाऱ्याला कोण अडवू शकतो, हे ठरवताना दोन्ही देशांची दमछाक होते. खनिज शोधण्याआधीच त्यांना ही कुरणाची राखण शिकावी लागते आहे. उशीर होतो आहे असे कोणाला वाटेल. मला तर हा क्रम बरोबर वाटतो.

आणि आपण? दुसऱ्यांच्या बेटांविषयी लिहून आपल्याकडे न पाहणे बरे नव्हे. संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार आपल्या समुद्राखालची सारी खनिजे केंद्राची. २००२ चा समुद्री खनिज कायदा २०२३ मध्ये दुरुस्त झाला, पन्नास वर्षांच्या पट्ट्यांची आणि लिलावाची तरतूद आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेरा तुकडे पहिल्यांदा लिलावाला काढले गेले. त्यांत गुजरातच्या समोरचा चुनखडीचा गाळ आहे, केरळच्या समोरची वाळू आहे, आणि ग्रेट निकोबारजवळचे धातुयुक्त गोटे व कवचे यांचे सात तुकडे आहेत. केरळच्या मच्छीमारांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पुकारला आणि तेथील विधानसभेने विरोधाचा ठराव केला. नदीतल्या रेतीघाटाचा लिलाव व्हायचा असला तर राज्याच्या वाळू धोरणात निदान ग्रामसभेपुढे विषय ठेवण्याची तरतूद आहे; ती कशी पाळली जाते हा भाग वेगळा. समुद्राला ग्रामसभा नाही. ज्याचे जाळे तेथे पडते त्याचे नाव समुद्राच्या 'वहिवाटदार' रकान्यात कोणी लिहिलेले नाही. निकोबारच्या बाबतीत तर बंद पुकारण्याइतकी माणसेही किनाऱ्यावर नाहीत.

द्वीपराष्ट्राशी आपला थेट संबंध अफनासी-निकितिन या बुडालेल्या पर्वताच्या निमित्ताने आला आहे. त्याच्या कोबाल्टयुक्त कवचाच्या अन्वेषणासाठी भारताने २०२४ मध्ये प्राधिकरणाकडे अर्ज केला. पण तोच भाग आपल्या समुद्रबूड जमिनीत येतो, असा श्रीलंकेचा २००९ पासूनचा दावा आहे. एकाच गटावर दोन अर्ज. मोजणी अजून व्हायची आहे. प्रशांतातल्या छोट्या देशांबद्दल आपल्याला वाटणारी कळकळ श्रीलंकेच्या बाबतीतही टिकते का, याची ही परीक्षा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेतील गंधकयुक्त खनिजांसाठी भारताचा आणखी एक करार झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी अभिमानाने बातम्या दिल्या. अभिमानाला हरकत नाही. आपल्या गोटे वेचण्याच्या यंत्राचे नाव 'वराह' आहे. २०२१ मध्ये ते ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले गेले. माणसे खाली नेणाऱ्या यानाचे नाव 'मत्स्य'. नावे ठेवणाऱ्याला पुराण चांगले ठाऊक असावे. वराहाने समुद्रातून पृथ्वी वर काढली ती बुडाली होती म्हणून, आणि वर काढून पुन्हा जागेवर ठेवली. यंत्राकडून दुसऱ्या भागाची अपेक्षा कोणी धरत नाही. ती कायद्याकडूनच धरावी लागते.

थोरल्या बंधूंच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर त्यांना पटलेले नाही, आणि पटावे असा माझा आग्रहही नाही. परंतु समुद्राचा सातबारा आज लिहिला जातो आहे. किंग्स्टनमध्ये नियमावलीचे एकेक कलम खलले जाते आहे, आणि ज्यांच्याजवळ वकील थोडे व पाणी फार अशा देशांचे प्रतिनिधी तेथे बसलेले आहेत. खोदकाम किती खोल, शेजाऱ्याची विहीर किती दूर, खड्डा कोण बुजवणार आणि धंदा बसला तर पैसे कोठून येणार, हे चारही प्रश्न तेथे रोज निराळ्या भाषेत विचारले जातात. पहिल्या दोहोंना उत्तरे मिळत आहेत. उरलेल्या दोहोंची उत्तरे कागदावर येईपर्यंत या बेटांनी सही करू नये, असे माझे मत आहे. आमच्या बरडाच्या बाबतीतही तेच आहे.